शाळेच्या गेटावर रायफल कोणासाठी?

अमेरिकेत एक वाद कित्येक वर्षं चाललाय. शाळेच्या गेटावरच्या गार्डाला हत्यार द्यायचं की नाही? आता हा वाद आणखी पुढं सरकलाय. हत्यार तर दिलंच, पण नुसतं पिस्तूल पुरेल का रायफल पाहिजे? २०१९ साली फ्लोरिडातल्या पाल्मेटो गावच्या एका शाळेनं लढाईवर जाऊन आलेला माजी सैनिक गार्ड म्हणून ठेवला. अंगात बुलेटप्रूफ जाकीट, हातात सेमी-ऑटोमॅटिक रायफल. शाळेचा हिशेब सरळ होता. पोरं मारायला येणारा रायफल घेऊन येतो, मग त्याच्यापुढं पिस्तूलवाला काय करणार? रायफलीला रायफल.

ऐकायला बिनतोड वाटतं. आपल्या कट्ट्यावरही हे पटलेले दोस्त आहेत. "पोरं मरतायत तिकडं, आणि तुम्ही इथं तत्त्वज्ञान काय झाडताय?" असं ते तोंडावर विचारतात. प्रश्न खरा आहे. पोरं मरतायत. म्हणून उत्तरही खरं पाहिजे, घोषणा देऊन भागणार नाही. मी गोदीतला हमाल, शिक्षण दहावी. बंदुकीचं शास्त्र मला कोणी शिकवलेलं नाही. पण गेट म्हणजे काय आणि गेटावरचा हत्यारबंद माणूस म्हणजे काय, हे मी रोज दोनदा शिकतो. आत जाताना आणि बाहेर पडताना.

गोदीच्या गेटावर रायफलवाला जवान असतो. त्याची ड्युटी काय, हे कोणा हमालाला विचारावं लागत नाही. माल राखायचा. स्लिंग तुटून हमालाच्या अंगावर गोण्या कोसळल्या तर रायफल जागची हलत नाही. तो तिचा विषयच नाही. पण हमालाच्या डब्यात मूठभर डाळ निघाली तर अख्खं गेट जागं होतं. यात त्या जवानाचा गुन्हा नाही, तोही पोटासाठीच उभा आहे. त्याला जो हुकूम आहे तो तो पाळतो. म्हणून हत्यारबंद माणूस दिसला की आमची टोळी पहिल्यांदा एवढंच बघते, की याला हुकूम कोणाचा आणि हा राखतोय काय? अमेरिकेतल्या शाळेच्या गेटावरही आधी हेच बघायला पाहिजे. पिस्तूल का रायफल, ते नंतर.

आधी मेलेल्यांचा हिशेब करू.

२० एप्रिल १९९९. कोलोरॅडोतली कोलंबाइन हायस्कूल. त्या शाळेला हत्यारबंद पोलीस नेमलेला होता, शेरीफच्या खात्यातला डेप्युटी. त्यानं हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या. तरी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मेले. १४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातली सँडी हूक प्राथमिक शाळा. सहा-सात वर्षांची २० मुलं आणि ६ मोठी माणसं. आठवडा उलटतो न उलटतो तोच नॅशनल रायफल असोसिएशनचे वेन लापिएर पत्रकारांपुढं उभे राहिले. वाईट माणसाच्या हातातली बंदूक थांबवायला चांगल्या माणसाच्या हातात बंदूकच पाहिजे, म्हणून प्रत्येक शाळेत हत्यारबंद पोलीस ठेवा, असं त्यांनी सांगितलं. कोलंबाइनला १३ वर्षं होऊन गेली होती. तिथं हत्यारबंद पोलीस होता, हे जगाला माहीत होतं. पण बंदूकवाल्यांच्या संघटनेला बंदूक विकायचीच असते. दुखणं बंदुकीचं आणि औषधही बंदूकच. आमच्या चाळीत एक वैदू यायचा, तो यापेक्षा बरी थाप मारायचा.

मग १४ फेब्रुवारी २०१८. फ्लोरिडातलं पार्कलँड. जेमतेम सहा मिनिटांत १७ जीव गेले. शाळेवर नेमलेला हत्यारबंद डेप्युटी इमारतीच्या बाहेरच थांबला. त्याच शाळेत एक फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक होता, सुरक्षारक्षकाचंही काम करायचा. त्याच्याकडं हत्यार नव्हतं. तो पोरांच्या आडवा झाला आणि मेला. पिस्तूलवाला बाहेर राहिला, रिकाम्या हाताचा आत गेला. यावरून सगळे पिस्तूलवाले भेकड असतात असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की माणसाला आत ढकलणारी गोष्ट कमरेच्या पट्ट्याला लटकत नसते.

पुढचं ऐका. पार्कलँडची काही मुलं कोर्टात गेली. आम्हाला वाचवायची तुमची जबाबदारी होती, असा त्यांचा दावा. डिसेंबर २०१८ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो फेटाळला. कारण काय? मुलं पोलिसांच्या कोठडीत नव्हती. राज्यघटनेप्रमाणं वाचवायचं बंधन बहुधा कोठडीतल्या माणसापुरतं लागतं. शाळेतलं मूल मोकळं, म्हणून बंधन नाही. जून २०२३ मध्ये त्या डेप्युटीलाही ज्यूरीनं निर्दोष सोडलं. म्हणजे गेटावर हत्यारबंद माणूस उभा करा, त्याचा पगार द्या, त्याला रायफल द्या. पण त्यानं आत शिरलंच पाहिजे, असं घटनेचं बंधन त्याच्यावर नाही. दोस्तांनो, गेटपासावर निदान मागं नियम तरी छापलेले असतात.

आता रायफलीचाच हिशेब करू, कारण वाद तिचाच आहे.

२४ मे २०२२. टेक्ससमधलं उवाल्डी. रॉब प्राथमिक शाळा. हल्लेखोर १८ वर्षांचा. वाढदिवस होऊन काही दिवस झाले होते तेवढ्यात त्यानं दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या. त्या राज्यात २१ पूर्ण होईपर्यंत दुकानात बियर मिळत नाही, रायफल मिळते. तो शाळेत शिरला आणि तीन मिनिटांत हत्यारबंद पोलीस त्याच इमारतीत पोचले. उवाल्डीच्या शाळांचं स्वतःचं पोलीस खातंही होतं. रायफली होत्या. बुलेटप्रूफ जाकिटं होती. नंतर ढाली आल्या. टेक्सस विधानसभेच्या समितीनं मोजलं तेव्हा वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ जण तिथं जमले होते. ३७६! आणि वर्गाचं दार उघडून हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटं लागली. वर्गातून पोरं फोन करत होती, पोलीस पाठवा म्हणून. पोलीस दाराबाहेरच होते. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. शाळेबाहेर धाय मोकलणाऱ्या आईबापांना मात्र पोलिसांनी चांगलं रेटून अडवलं. तिथं कुचराई झाली नाही.

रायफलीला रायफल म्हणणाऱ्यांनी या ७७ मिनिटांचं उत्तर द्यावं. तिथं रायफलीला रायफल नव्हती तर काय होतं? एकीला कितीतरी होत्या. पोलिसांनी नंतर स्वतः सांगितलं की त्यांना आतल्या त्या रायफलीची भीती वाटत होती. खरंच आहे ते. एआर-१५ जातीच्या रायफलीची गोळी पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त वेगानं सुटते. शाळेची आतली भिंत तिला पुठ्ठ्यासारखी. आता विचार करा, तीच गोळी गार्डाच्या रायफलीतून सुटली आणि चुकली, तर ती कुठं जाते? भिंतीपलीकडं गोदाम नसतं. तिसरीचा वर्ग असतो.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो. लपवाछपवी आपल्याला परवडत नाही, ती पेपरवाल्यांना परवडते. मे २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या डिक्सन हायस्कूलमध्ये एका माजी विद्यार्थ्यानं बंदूक काढली. शाळेतल्या पोलिसानं त्याला गाठून गोळी घातली, जखमी केलं, पकडलं. एकही मूल मेलं नाही. मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या शाळेत पोलीस रायफली घेऊन दार शोधत धावत आत शिरले, पहिल्या फोननंतर सुमारे १४ मिनिटांत हल्ला संपवला. तोपर्यंत ३ मुलं आणि ३ मोठी माणसं मेली होती. पण ते थांबले असते तर आणखी मेली असती, हे उघड आहे. म्हणून रायफल कधीच कोणाला वाचवत नाही, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर खोटं होईल.

पण एकदोन घटनांवर राज्य चालवता येत नाही. २०२१ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय पत्रिकेत एक अभ्यास आला. १९८० ते २०१९ या काळातल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या १३३ घटना संशोधकांनी तपासल्या. जवळजवळ चौथ्या हिश्श्यात हत्यारबंद गार्ड हजर होता. जिथं तो होता तिथं मृत्यूचं प्रमाण कमी व्हायचं सोडून २.८३ पट निघालं. गार्डामुळंच माणसं जास्त मेली, असा याचा सरळ अर्थ काढता येणार नाही. पण गार्ड असला की मरणं कमी होतात, हा दावा यातून उभा राहत नाही, एवढं नक्की. शाळेत मारायला येणारा बहुतेक वेळा मरायचं ठरवूनच आलेला असतो. मरायला निघालेल्या माणसाला गेटावरच्या रायफलीची भीती घालून काय उपयोग?

आता मुद्द्याचं.

शाळा वर्षाला सुमारे १८० दिवस भरते. हल्लेखोर बहुतेक शाळांत कधीच येत नाही. गार्ड मात्र १८० दिवस येतो. रायफल १८० दिवस दिसते. हल्लेखोर येईपर्यंत ती कोणाकडं बघत असते? समोर जे पोर दिसतं त्याच्याकडं. आणि अमेरिकेत पोर काळं असेल तर जास्त वेळ.

सरकारी आकडेच घ्या. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१५-१६ या वर्षाचे छापले. शाळांत काळी मुलं १५ टक्के. पोलिसांच्या हवाली केलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत काळी ३१ टक्के. दुप्पट. ऑक्टोबर २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका शाळेत काळ्या मुलीनं फोन देत नाही म्हटलं. शाळेच्या पोलिसानं तिला बाकासकट उलटी करून वर्गात फरफटवली. तिला अटक झाली. 'हे काय चाललंय' म्हणून ओरडणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही अटक झाली. चित्रफीत जगभर फिरली तेव्हा पोलिसाची नोकरी गेली आणि मुलींवरचे गुन्हे मागं घेतले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरलँडोत सहा वर्षांच्या काळ्या पोरीनं शाळेत रागाच्या भरात लाथा झाडल्या, तर पोलिसानं तिच्या मनगटाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधून तिला नेली. सहा वर्षांची! दुधाचे दात पडायचं वय. हे झालं तेव्हा यातल्या कोणा पोलिसाला रायफल उचलावीही लागली नाही. तीही गळ्यात अडकवून द्यायची म्हणता, तर मग रोज सकाळी त्या पोरीला शाळेत जाताना काय वाटेल हे विचारलं का कोणी?

आणि गळ्यात अडकवायची तयारी कुठवर गेली होती ते बघा. लॉस एंजेलिसच्या शाळांच्या पोलीस खात्याला अमेरिकी लष्कराच्या जुन्या सामानातून ६१ एम-१६ रायफली मिळाल्या होत्या. शिवाय ३ ग्रेनेड लाँचर आणि सुरुंगातून जाणारी १ चिलखती गाडी. शाळेच्या पोलिसांना! सुरुंग कोणी पेरले होते तिथं, सातवी ब नं? २०१४ मध्ये हे उजेडात आल्यावर बोंब झाली, ग्रेनेड लाँचर परत द्यायचं ठरलं, रायफली मात्र ठेवायच्या होत्या. मग काळी आणि लॅटिनो पोरंपोरी आणि त्यांचे आईबाप रस्त्यावर उतरले. दोन वर्षं भांडले. २०१६ मध्ये रायफलीही गेल्या आणि शाळा मंडळाकडून माफीही आली. त्याच कॅलिफोर्नियात फॉन्टॅनाच्या शाळा खात्यानं १४ कोल्ट रायफली घेतल्या होत्या, सुमारे १४ हजार डॉलरला. त्या डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हूकच्या आधीच्या आठवड्यात येऊन पडल्या होत्या. म्हणजे ती रायफल सँडी हूकच्या दुःखातून आलेली नव्हती. ती आधीच वाटेत होती. दुःख तिला नंतर कारण म्हणून सापडलं.

आपल्यातले जे दोस्त इतिहास वाचतात ते आता मला अडवतील. "आणि लिटल रॉक? तिथं रायफलींनीच काळ्या पोरांना शाळेत नेलं ना?" नेलं. पूर्ण गोष्ट सांगू.

१९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. ४ सप्टेंबर १९५७ रोजी आर्कन्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलवर ९ काळी मुलं निघाली. गव्हर्नर फॉबसनं गेटावर नॅशनल गार्डचे जवान उभे केले होते. रायफली घेऊन. मुलांच्या संरक्षणासाठी नाही, मुलांना अडवण्यासाठी. १५ वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटी आली. रायफली आडव्या झाल्या, मागं गोऱ्यांचा जमाव शिव्या देत होता, आणि ती पोरगी तशीच चालत बसच्या थांब्यावर जाऊन बसली. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी लष्कराची १०१वी एअरबोर्न पाठवली आणि आर्कन्साचा नॅशनल गार्डही दिल्लीसारखा तिकडचा जो केंद्र, त्या वॉशिंग्टनच्या ताब्यात घेतला. २५ सप्टेंबरला तीच ९ मुलं संगिनींच्या पहाऱ्यात त्याच गेटातून आत गेली. पुढं लष्कर परत गेलं तेव्हा पहाऱ्याचं काम कोणाकडं आलं? त्याच नॅशनल गार्डकडं. ज्या गार्डनं सप्टेंबरात मुलांना अडवलं, तोच गार्ड आता त्यांना नेऊन सोडत होता. त्याच रायफली. हुकूम बदलला होता.

म्हणून लिटल रॉक माझ्या बाजूनं बोलतं. रायफलीला स्वतःची बाजू नसते. आणि ती गेटातून आत नेऊ शकते, बाकावर बसवू शकत नाही. आत वर्गात, स्वच्छतागृहात, जिन्यावर त्या ९ मुलांनी वर्षभर लाथा खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या, तिथं सैनिक काही करू शकला नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये नवातल्या एका मुलीलाच शाळेतून काढलं. आणि पुढच्या वर्षी फॉबसनं काय केलं? १९५८-५९ मध्ये हायस्कुलंच बंद ठेवली. काळ्यांच्या शेजारी बसण्यापेक्षा कुलूप बरं! बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसवलं ते रायफल दाखवून नव्हे. त्याला मास्तरची नजर पुरली. ती नजर कोणत्या गार्डानं अडवायची?

आणि उवाल्डीचीही आधीची गोष्ट आहे, ती फार कमी लोक सांगतात. ते गाव बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचं. १९७० मध्ये त्याच रॉब शाळेतल्या एका मेक्सिकन-अमेरिकन शिक्षकाला पुन्हा नोकरीवर घ्यायला शाळा मंडळानं नकार दिला. पोरं वर्गातून उठून बाहेर पडली. आमच्यातले शिक्षक नेमा, आमची भाषा शिकवा, आमच्याशी भेदभाव बंद करा. सहा आठवडे पोरं बाहेर होती. तेव्हा सरकारनं काय पाठवलं? हत्यारबंद टेक्सस रेंजर्स. हातात पाट्या घेतलेल्या पोरांसाठी रेंजर्स लगेच आले. ५२ वर्षांनी त्याच गावातल्या, त्याच शाळेतल्या पोरांना आत कोणी मारत होतं, तेव्हा ३७६ जण दाराबाहेर उभे राहिले. दोन्ही वेळेला हत्यार होतं, दोन्ही वेळेला सरकारी होतं. काय बदललं असतं म्हणता, नळी अजून लांब असती तर?

यावर आणखी एक आवाज येतो, तो आपल्या जास्त जवळचा. "मग आपणच हत्यार घ्यावं. ब्लॅक पँथरनं घेतलं नव्हतं?" भिंतीवर रायफलवाल्या पँथरचं पोस्टर लावणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आपल्या आधीच्या पिढीनं १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली ती तेच नाव घेऊन. म्हणून या नावाचा इतिहास आपल्याला अर्धवट माहीत असून चालणार नाही.

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगायला कायद्यानं मुभा होती. पँथर ती घेऊन पोलिसांच्या गाड्यांच्या मागं फिरायचे, काळ्या माणसाला पोलीस मारतो का ते बघायला. लगेच ती मुभा काढून घेणारं मलफर्डचं विधेयक आलं. २ मे १९६७ रोजी पँथर हत्यारं घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननी सही केली, कायदा झाला. नॅशनल रायफल असोसिएशनचा त्याला पाठिंबा होता! हीच ती संघटना, जी पुढं शाळाशाळांत बंदूक मागत फिरली. तेव्हा चांगल्या माणसाच्या हातातली बंदूक कुठं गेली होती? काळ्याच्या हातात गेली की ती वाईट होते, साला एवढाच त्यांचा नियम. आपण तो ओळखतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मेले. चपलांचा हार घालणाऱ्यावर रायफल रोखलेली नव्हती. रडणाऱ्यांवर होती.

पण पोस्टरवर नसलेला पँथर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९६९ मध्ये त्याच पक्षानं ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. गावोगावी हजारो पोरं खाऊन शाळेत जायला लागली. रायफली घेऊन फिरणाऱ्या माणसांनी शाळेच्या पोरांसाठी काय ठरवलं? अंडी. भूक लागलेल्या पोराला गणित येत नाही, हे त्यांना कळलं होतं. आणि एफबीआयचा प्रमुख हूवर या नाश्त्यालाच घाबरला, त्याच्या माणसांनी तो मोडायचे उद्योग केले. रायफलीवर सरकारकडं जास्त रायफली असतात. नाश्त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

आज तिकडं काय दिसतं? २०१९ मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियननं सरकारी आकडे काढून दाखवले. शाळेत पोलीस आहे पण समुपदेशक एकही नाही, अशा शाळांत १७ लाख मुलं. पोलीस आहे पण नर्स नाही, अशा शाळांत ३० लाख. पोराला ताप आला तर कोणी नाही, पोरगं आतून कुढत असेल तर बोलायला कोणी नाही, पण बेडी घालायला माणूस हजर. हल्ले करणारी बरीचशी पोरं त्याच शाळांची असतात, आजची किंवा कालची. बऱ्याचदा आधी कोणाजवळ तरी बोललेली असतात. ते ऐकायला जो माणूस बसायला पाहिजे त्याची खुर्ची रिकामी, आणि त्याच्या पगाराची रायफल घ्यायची.

आणि ती दुकानातली रायफल? तिला कोणी हात लावत नाही. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं अमेरिकेत लष्करी धाटणीच्या बऱ्याच नव्या बंदुकांच्या विक्रीवर बंदी होती. मुदत संपली, पुन्हा लावली नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे. अपघात मागं पडले, रोग मागं पडले. आणि यातली बहुतेक मुलं शाळेत मरत नाहीत. घरात, गल्लीत मरतात, काळी मुलं सगळ्यांत जास्त. तिथं कुठलं गेट आणि कुठला गार्ड? उवाल्डीनंतर मेलेल्या पोरांचे आईबाप टेक्ससच्या विधानभवनात खेटे घालत राहिले. त्यांची मागणी एवढीच, की असली रायफल घ्यायचं वय १८ चं २१ करा. २०२३ मध्ये ते विधेयक सभागृहाच्या मतदानापर्यंतही पोचलं नाही. त्याच अधिवेशनात दुसरा कायदा झाला. प्रत्येक शाळेत हत्यारबंद माणूस ठेवा, त्यासाठी शाळेमागं १५ हजार डॉलर घ्या. एवढ्यात वर्षाचा पगारही निघत नाही, असं शाळाच म्हणाल्या. फ्लोरिडानं निदान २०१८ च्या कायद्यात वय २१ केलं, पण त्याच कायद्यात हत्यारबंद गार्डही घातला. दुकानदाराला दुखवायचं नाही म्हणून पोराला पहाऱ्यात ठेवायचं.

म्हणून रायफलीला रायफल म्हणणाऱ्या दोस्तांना माझं सांगणं आहे. गार्डाला काय द्यायचं हा प्रश्न शेवटचा आहे, त्याला पहिला करून बाकीचे गिळून टाकले जातायत. पहिला प्रश्न, १८ वर्षांच्या पोराला ती रायफल विकली कोणी? दुसरा, गार्ड शाळेतल्या कोणाला जबाब देणार, आणि आत शिरला नाही तर त्याचं काय करणार? तिसरा, हल्लेखोर न येणाऱ्या दिवसांत तो कोणाच्या मनगटाला हात घालणार, आणि त्याला ते करायची बंदी आहे का? या तिन्हींची लेखी उत्तरं द्या. मग चौथ्याला बसू.

हे स्वप्नरंजन आहे असं म्हणू नका. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली खून झाल्यावर, ओकलंडच्या शाळा मंडळानं आपलं स्वतःचं शाळा-पोलीस खातं एकमतानं बंद केलं. ओकलंड. जिथं पँथर जन्मला आणि जिथं पहिला नाश्ता वाढला गेला. हे एका रात्रीत झालं नाही. काळ्या आईबापांची आणि पोरांची संघटना त्याआधी वर्षानुवर्षं त्या मंडळाच्या दारात बसली होती. एकही गोळी न झाडता त्यांनी गेटावरचा हुकूम आपल्याकडं ओढून घेतला. हुकूम कोणाचा, हे त्यांनी बदललं.

आपल्याला शिकायचं तर ते शिकू या. पोस्टर राहू द्या भिंतीवर, हरकत नाही. पण त्याच्या शेजारी अंड्यांनी भरलेल्या ताटाचंही एक चित्र लावा. वस्तीतल्या एखाद्या पोरानं विचारलं, की पँथरनं लहान मुलांसाठी काय केलं, तर बोट तिकडं दाखवता आलं पाहिजे.